गाडी कमी पेट्रोल कशी पिईल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी घेतली की भेटणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न अर्धा गाडीला आणि अर्धा चालवणाऱ्याच्या उजव्या पायाला विचारायला हवा. खालचे प्रश्न ओळखीपाळखीच्या लोकांनी मला वेळोवेळी विचारलेले आहेत, काही तर शेजारच्या सीटवर बसून, जरा चिडून. उत्तरं हाताने गिअर टाकायच्या पेट्रोल गाडीला धरून लिहिली आहेत. डिझेल, ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिकचं शेवटी आहे.

नुसत्या सवयी बदलून खरंच फरक पडतो का?

पडतो. किती पडतो, ते तुम्ही आज कशी चालवता यावर आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार सुसाट पिकअप, करकचून ब्रेक आणि अतिवेग या तिन्हींमुळे हायवेवर ॲव्हरेज १५ ते ३० टक्के घसरू शकतं आणि थांबत-थांबत जाणाऱ्या गर्दीत १० ते ४० टक्के. जो मुळातच शांत चालवतो त्याला यातलं फारसं काही मिळणार नाही. ज्याच्या गाडीत मागे बसलेल्यांना पोटात ढवळतं, त्याला बरंच मिळेल.

पेट्रोल जातं तरी कुठे?

बहुतेक उष्णतेत. जळलेल्या पेट्रोलच्या ऊर्जेतला जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून बाहेर पडते, त्यावर आपला काही इलाज नाही. आपल्या हातात आहे तो हा पाव भाग. तो तीन ठिकाणी खर्च होतो: टायर रस्त्यावर घासण्यात, हवा बाजूला सारण्यात, आणि गाडीला वेग देण्यात. पहिले दोन खर्च गाडी पुढे नेण्याची किंमत आहेत. तिसरा मात्र निव्वळ उसना असतो. वेग दिलात, ती ऊर्जा गाडीत साठली. ब्रेक दाबलात की तीच ऊर्जा ब्रेकच्या डिस्क तापवण्यात गेली. संपलं.

किती जाते ते चमच्यांत मोजू, म्हणजे डोळ्यांसमोर राहील. १,२०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरला धावत असेल तर तिच्यात सुमारे १६७ किलोज्यूल ऊर्जा असते. एक लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, त्यातली पाव उपयोगी, म्हणजे ८ मेगाज्यूल. हिशेब केला तर ६० चा वेग गाठायला २० मिलिलिटरच्या वर पेट्रोल लागतं. चहाचा छोटा चमचा ५ मिलिलिटरचा धरा. म्हणजे ६० वरून करकचून थांबलात की चार चमचे पेट्रोल रस्त्यावर ओतलंत. असं पन्नासेक वेळा झालं की एक लिटर गेलं.

यात एक खाच आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ३० वरून थांबलं तर एकच चमचा जातो, आणि १०० वरून थांबलं तर अकरा-बारा. अर्ध्या वेगाला पाव नुकसान. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची बरीचशी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

म्हणजे ब्रेक लावायचाच नाही?

लावायचा. जिथे लागेल तिथे पूर्ण जोर देऊन लावायचा. चार चमचे वाचवायला कुणी माणसाच्या जवळून गाडी काढू नये. मुद्दा एवढाच, की बहुतेक ब्रेक आपण स्वतःवर ओढवून घेतलेले असतात.

असं बघा. दोनशे मीटरवर सिग्नल लाल दिसतोय. बाजूची गाडी अजून ॲक्सिलरेटर दाबून आहे, तुम्हाला मागे टाकून ती पुढे जाते आणि सिग्नलला नाक टेकवून उभी राहते. तुम्ही लाल दिसल्याबरोबर पाय उचललात. गिअर आहे तोच. गाडी आपल्या गतीने सरकतेय, आकडा ६० वरून ५०, ४०, ३५ असा उतरतोय, आणि इंजिन सध्या काहीच पीत नाहीये (का, ते पुढे न्यूट्रलच्या प्रश्नात). तुम्ही पोहोचता-पोहोचता सिग्नल हिरवा होतो, दुसरा गिअर टाकून तुम्ही २५ च्या वेगाने निघून जाता. बाजूची गाडी अजून पहिल्यात अडकून आवाज करतेय. पुढच्या सिग्नलला दोघे बरोबरच पोहोचाल. फरक चमच्यांचा.

यासाठी लागते ती नजर. आपल्यातले बरेच जण पुढच्या गाडीच्या मागच्या लाल दिव्यांकडे बघत चालवतात. त्या गाडीच्या काचेतून पलीकडे बघा, तिच्याही पुढच्या दोन-तीन गाड्यांचे दिवे बघा. रस्त्याकडेला थांबलेल्या बसचा इंडिकेटर, पादचाऱ्यांचा घोळका, बराच वेळ हिरवा असलेला सिग्नल (तो आता लाल होणार), हे सगळं आधी दिसू लागलं की उजवा पाय आपोआप लवकर उचलला जातो. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर रोजच्या रस्त्यावर एकदा ब्रेक किती वेळा दाबला ते मोजा. मी मोजलं तेव्हा अर्ध्या वाटेत आकडा विसरलो, इतके होते.

पण अंतर ठेवलं की मध्ये कुणीतरी घुसतं, आणि मागचे हॉर्न वाजवतात.

घुसतात, हे खरं आहे. घुसू द्या. पाय किंचित उचला, अंतर परत तयार होईल. दिवसभरात दहा गाड्या घुसल्या तरी तुम्ही दहा गाड्यांएवढेच मागे पडलात, म्हणजे काही सेकंद.

गर्दीत अंतर ठेवण्याचा एक फायदा मागच्यांनाही होतो, फक्त त्यांना तो कळत नाही. २००८ साली जपानी संशोधकांनी एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि सगळ्यांना एकसारख्या वेगाने चालवायला सांगितलं. सिग्नल नाही, खड्डा नाही, अपघात नाही. तरी थोड्याच वेळात गाड्या अडखळू लागल्या आणि थांबा-निघाची एक लाट गोल रस्त्यावर उलट्या दिशेने फिरू लागली. एकाने जरा जास्त ब्रेक दाबला, मागच्याने त्याहून जास्त, त्याच्या मागच्याने त्याहूनही. वाहतूक कोंडीचं कारण पुढे कुठेच दिसत नाही आणि आपण वैतागतो, ते हेच. मोकळी जागा असली की ही लाट तुमच्या गाडीपाशी विरते. तुम्ही सरकत राहता, पहिला-दुसरा-पहिला-दुसरा करत बसत नाही.

मात्र अंतर ठेवणं म्हणजे रस्ता अडवणं नव्हे. डावी-उजवी लेन पाहून, जिथे हळू जायची सोय आहे तिथून जा. हॉर्न वाजवणाऱ्याला पुढे जाऊ देणं सगळ्यात स्वस्त.

पिकअप किती हळू घ्यायचा?

बैलगाडीसारखा नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. अगदी रांगत वेग घेतला तर गाडी खालच्या गिअरमध्ये उगाच जास्त वेळ राहते. मध्यम दाबाने, इंजिन न किंचाळता, लवकरात लवकर वरच्या गिअरला पोहोचायचं. त्याचं कारण गमतीचं आहे. पेट्रोल इंजिनात हवा आत जायच्या वाटेवर एक झडप असते आणि ॲक्सिलरेटर हलका दाबला की ती जवळजवळ बंद असते. नाकपुडी दाबून श्वास घ्यावा तसं इंजिन हवा ओढत असतं, आणि त्या ओढण्यातच ताकद वाया जाते. कमी आरपीएमला (म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे कमी असताना) पाय जरा बरा दाबला की वाट मोकळी होते.

माझं मत विचाराल तर पिकअपवरून लोक नको इतकी चर्चा करतात. जोरात वेग घेण्यात जितकं जातं त्यापेक्षा जास्त, वेग घेऊन झाल्यावर शंभर मीटरवर ब्रेक लावण्यात जातं. पुढे रस्ता मोकळा आहे की नाही, हे आधी बघा.

गिअर कधी बदलायचा?

इंजिन तक्रार करत नाही तोवर जितका वरचा गिअर चालेल तितका. साधारण नियम असा: पेट्रोल गाडीत २,००० ते २,५०० आरपीएमच्या दरम्यान, डिझेलमध्ये १,५०० ते २,००० च्या दरम्यान वरचा गिअर टाकावा. त्याच वेगाला आरपीएम जितका कमी, तितकं इंजिनातलं घर्षण कमी.

उलट टोकही वाईट. चौथ्यात ताशी ३० ला गाडी थरथरतेय, ढुकढुक आवाज येतोय आणि तुम्ही पाय दाबून रेटताय, तर इंजिनावर अत्याचार चाललाय. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांना तर हे विशेष बाधतं, आत इंधन वेळेआधीच पेटून नुकसान होऊ शकतं. चढ आला, ओव्हरटेक करायचं आहे, गाडी भरलेली आहे, तर बिनधास्त खालचा गिअर टाका. आणि क्लचवर पाय ठेवून चालवू नका. हाफ क्लचवर चढाला गाडी धरून ठेवली की पेट्रोल आणि क्लच प्लेट, दोन्ही जळतात.

उताराला न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं ना?

आमचे एक काका आयुष्यभर घाट न्यूट्रलवर उतरले. कार्ब्युरेटरच्या गाड्या होत्या तेव्हा या हिशेबात काही तथ्य होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गोष्ट उलटी आहे. गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण उचललेला आहे आणि आरपीएम पुरेसा आहे, अशा वेळी गाडीचा कंप्युटर इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे नळ, बंद करतो. इंजिन फिरतं ते चाकांच्या जोरावर. पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलंत की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, आणि इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं.

मीटरवर त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारी गाडी असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं. गिअरमध्ये पाय उचला, आकडा शेवटच्या टोकाला जाऊन चिकटेल. वेग अगदी उतरून आरपीएम हजार-बाराशेच्या जवळ आला की तो हळूच खाली येतो, कारण तिथे इंजेक्टर पुन्हा सुरू झाले. काकांना मी हे दाखवलं. ते म्हणाले, मीटर बिघडलंय.

प्रामाणिकपणे सांगायचं तर एक बारकावा आहे. गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढतं, त्यामुळे सपाट रस्त्यावर किंवा अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलमधली गाडी जास्त लांब घरंगळते, आणि कागदावर कधीकधी तिचा हिशेब बरा निघतो. पण घाटात तो हिशेब करू नये. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, तापलेले ब्रेक पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा. आणि उतारावर किल्ली फिरवून इंजिन बंद करणं, हे तर कधीच नाही. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. स्टेअरिंग जड होतं, किल्ली आणखी फिरली तर लॉकही होतं.

हायवेला किती वेगाने जावं?

कायद्याची मर्यादा आणि रस्त्याची स्थिती आधी. त्याच्या आत राहून पेट्रोल वाचवायचं असेल तर ८० ते ९०.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून ११० वर गेलात तर वेग २२ टक्के वाढला, पण हवेचा विरोध जवळजवळ ५० टक्के. १०० किलोमीटरला ९० च्या वेगाने ६७ मिनिटं लागतात, ११० ने ५५. बारा मिनिटं वाचली, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. प्रत्यक्षात टोलनाका, ट्रकांची रांग, चहा, यांत ती निघून जातात. घाई असेल तेव्हा जरूर मोजा ही किंमत, पण ती मोजतोय हे माहीत असू द्या.

हे सरकारांनाही ठाऊक आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८-८९ किलोमीटरची, मर्यादा घातली होती. लोकांनी ती मनापासून कधीच पाळली नाही आणि १९९५ मध्ये ती रद्द झाली.

क्रूझ कंट्रोल लावावं का?

क्रूझ कंट्रोल म्हणजे ठरवून दिलेला वेग गाडीने स्वतः टिकवणं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर हो. आपला पाय नकळत वर-खाली होत असतो, तो थांबतो. चढ-उताराच्या रस्त्यावर नको. क्रूझ कंट्रोल चढावर वेग टिकवायला जोर लावतं, आणि वर पोहोचल्यावर पलीकडे उतार आहे हे त्याला दिसत नाही. माणूस चढावर वेग थोडा पडू देतो आणि उतारावर तो फुकट परत मिळवतो. पावसात निसरड्या रस्त्यावरही बंद ठेवा.

सिग्नलला इंजिन बंद करावं का?

लहान पेट्रोल इंजिन नुसतं उभं असताना तासाला साधारण पाऊण लिटर पितं, एसी चालू असेल तर जास्त. म्हणजे मिनिटाला दोन-अडीच चमचे. पुन्हा सुरू करायला लागणारं पेट्रोल दहा सेकंद उभं राहण्यापेक्षा कमी असतं. तरी दर दहा सेकंदांना किल्ली फिरवत बसू नका. सिग्नल अर्धा मिनिट वा त्याहून जास्त आहे हे दिसत असेल, फाटक लागलं असेल, कुणाची वाट बघत असाल, तर बंद करा. बॅटरी किंवा स्टार्टर थकलेला असेल, गाडी चढावर असेल किंवा पुढे सरकत असेल तर नको. गाडीत स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद आणि निघताना चालू करणारी सोय) असेल तर ते बटण दाबून बंद करायची सवय आधी सोडा.

सकाळी इंजिन गरम करायला उभं ठेवावं लागतं का?

नाही. अर्धं मिनिट पुरे, तेवढ्यात सीटबेल्ट लागतो. मग पहिले दोन-तीन किलोमीटर हळुवार चालवा. चालत्या गाडीत इंजिन लवकर गरम होतं. इंजिन थंड असताना ते जास्त पितं, तेल घट्ट असतं. म्हणून एक-दीड किलोमीटरच्या सुट्या चार फेऱ्या एकत्र केलेल्या एका फेरीपेक्षा खूप महाग पडतात. कोपऱ्यापर्यंत जायचं असेल तर चालत जा, गाडीला तेवढ्यात कामालाही लागता येत नाही.

एसी लावावा की काचा उघडाव्यात?

गावात हळू जाताना काचा, हायवेला एसी. वेगात उघड्या काचांमधून हवा आत घुसते आणि विरोध वाढतो. कमी वेगात मात्र एसी महाग पडतो, कारण तो वेळेच्या हिशेबाने पितो, अंतराच्या नाही. तासभर कोंडीत सात किलोमीटर गेलात तरी कॉम्प्रेसर तासभरच चालला. फार कडक उन्हात, छोट्या फेऱ्यांत, एसी ॲव्हरेज पाव भागापेक्षाही जास्त खाली आणू शकतो.

उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर काचा लावून एसी पूर्ण जोरात करणं हा सगळ्यात वाईट प्रकार. चारही काचा खाली करा, दोनेकशे मीटर जा, भट्टीतली हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावा. गार झाल्यावर आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. आणि घामाघूम होऊन एसी बंद ठेवण्यात काही शौर्य नाही, चिडलेला माणूस ब्रेक जास्त मारतो.

टायरमधली हवा?

महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे चिकटवलेला असतो. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआय (पंपावर हवा मोजतात ते माप) उतरतो, म्हणून थंडीच्या सुरुवातीला एकदा जास्त बघा.

याचा पेट्रोलवरचा परिणाम मात्र लोक फुगवून सांगतात. एक पीएसआय कमी म्हणजे ॲव्हरेजमध्ये ०.२ टक्के घट. पाच-सहा पीएसआय कमी असले तरी एक टक्का. हवा बरोबर ठेवायची ती टायर सारखे झिजावेत, ब्रेक नीट लागावेत आणि टायर फुटू नये म्हणून.

डिकीतलं सामान काढलं तर?

४५ किलो जादा वजनाला साधारण एक टक्का. काढायला हरकत नाही. छतावरचं कॅरिअर मात्र आजच काढा. त्यावर मोठी पेटी बांधली तर हायवेच्या वेगाला १० ते २५ टक्के ॲव्हरेज खाली जाऊ शकतं. सुट्टीला बांधलेलं कॅरिअर वर्षभर शिट्टी वाजवत फिरणाऱ्या गाड्या मी बघतो तेव्हा हळहळतो.

अर्धीच टाकी भरली तर वजन वाचेल? पहाटे भरलं तर जास्त पेट्रोल मिळेल?

वीस लिटर पेट्रोल म्हणजे पंधरा किलो, फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. पंपावर एक जादा फेरी त्यापेक्षा जास्त खाते. पहाटेचं म्हणाल तर पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

एअर फिल्टर, प्रीमियम पेट्रोल, पाइपला लावायचे चुंबक, टाकीत टाकायची बाटली?

एअर फिल्टर बदला, पण ॲव्हरेजसाठी नाही. इंजेक्शनच्या गाडीत कंप्युटर हवा मोजून तेवढंच पेट्रोल देतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या चाचण्यांत घाणेरड्या फिल्टरने पिकअप मंदावला, ॲव्हरेजवर लक्षात येण्याजोगा परिणाम झाला नाही. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल कंपनीने सांगितलं असेल तरच घाला. चुंबकं आणि चमत्कारी बाटल्या यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने असली शंभरावर उपकरणं तपासली आहेत, बहुतेकांतून काहीच हाती लागलं नाही.

मोठ्या ट्रकच्या मागे चिकटून गेलं तर हवा कमी लागते म्हणे?

लागते. आणि ट्रकने ब्रेक दाबला की तुम्ही त्याच्या खाली असता. २००८ मध्ये 'हायपरमायलिंग' (नाना युक्त्या करून ॲव्हरेज कमाल ताणणं) हा शब्द ऑक्सफर्डच्या अमेरिकन शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडला, तेव्हापासून असल्या करामतींची हौस वाढली. ही करू नका.

कंपनीने सांगितलेला आकडा माझ्या गाडीला का येत नाही?

तो प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेळापत्रकाने काढलेला असतो. युरोपातली जुनी चाचणी वीस मिनिटांची आणि ११ किलोमीटरची होती. २०१७ पासून तिची जागा घेणारी अर्ध्या तासाची आणि २३ किलोमीटरची आहे, जरा जास्त खरी. पण त्यात तुमचा रस्ता नाही, तुमचा एसी नाही, मागच्या सीटवरची मंडळी नाहीत. हा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरा, गाडीशी भांडायला नको.

मग ॲव्हरेज मोजायचं कसं?

टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद होतं तिथे थांबा, "राउंड फिगर करू का" याला नाही म्हणा. ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच फुल करा. ४१२ किलोमीटर झाले आणि २७.४ लिटर बसलं, तर ४१२ भागिले २७.४, म्हणजे १५ च्या किंचित वर. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, तीन-चार टाक्यांचं एकत्र काढा. गाडीतला डिस्प्ले बऱ्याचदा थोडा खूश करणारा आकडा दाखवतो.

आणि एक गंमत. १० वरून १२ आणि २० वरून ३०, यांतली कुठली सुधारणा मोठी? सगळे दुसरी म्हणतात. हजार किलोमीटरला १० च्या गाडीला १०० लिटर लागतं, १२ च्या गाडीला ८३. सतरा लिटर वाचले. २० ला ५० लिटर, ३० ला ३३. सतराच. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये या भ्रमावर लिहिलं होतं. घरात एक जुनी पिणारी गाडी आणि एक नवी असेल, तर आधी जुनीची सवय सुधारा.

डिझेल, ऑटोमॅटिक, इलेक्ट्रिक?

डिझेलमध्ये ती नाकपुडी दाबणारी भानगड नसते, म्हणून ती हलक्या पायाला आधीच बरी असते. बाकी सगळं तेच. फक्त सतत छोट्या फेऱ्या मारल्या तर नव्या डिझेल गाड्यांचा काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो.

ऑटोमॅटिकमध्ये गिअर तुमच्या पायाकडे बघून बदलतो. हवा तो वेग आला की पाय क्षणभर सैल सोडा, वरचा गिअर पडेल. चालत्या गाडीत एन वर टाकू नका. इको मोड पेडल सुस्त करतो, गिअर लवकर टाकतो, एसी सांभाळून चालवतो. हे तुमच्या पायाला जमत असेल तर त्याची गरज नाही.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या ब्रेक लावताना काही चमचे परत गोळा करतात, सगळे नाही. म्हणून लांबून बघून पाय उचलणं तिथेही फायद्याचं. इलेक्ट्रिकला हायवेचा वेग आणि थंडीतला हीटर जास्त जाणवतो. पेट्रोल गाडीत हीटर इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतो, तिथे तो जवळजवळ फुकट असतो.

गाडी घरात दोघं चालवतात. मी जपून, दुसरं माणूस रेसिंगसारखं. काय करू?

शेजारी बसून "ब्रेक कशाला?" असं म्हणू नका, भांडण होईल आणि पाय आणखी जोरात पडेल. मी हे करून बघितलेलं आहे. एक टाकी तुमची, एक टाकी त्यांची, असं ठरवा. रस्ता तोच. दोन्ही आकडे डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत, शेजारी-शेजारी लिहा, आणि वही तिथेच राहू द्या.